सागवानी फर्निचरचं लॅकर पॉलिश घरच्या घरी कसं सांभाळावं?

शुभदा_खामला

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण त्याच्यावरून आमच्याकडे रोज वाद होऊन राहिले म्हणून इथे टाकते.

बाबांनी नव्वदच्या दशकात नागपूरच्या लकडगंजातून सागवान आणून, मिस्त्री घरी बसवून फर्निचर करून घेतलं. डायनिंग टेबल, शोकेस, लाकडी हातांचा सोफा आणि समोरच्या खोलीतली बंगई, म्हणजे झोपाळा. सगळ्यावर फवाऱ्याने मारलेलं लॅकर पॉलिश आहे. लाकूड आजही ठणठणीत आहे, वरचं रूप मात्र गेलं. टेबलावर गरम भांड्यांची पांढरी वर्तुळं उमटली. शोकेसची जी बाजू कुलरकडे आहे ती दुधाळ झाली. सोफ्याचे हात काळपट, हात ठेवला की चिकटतो. बंगईची पाटी निस्तेज दिसते.

पॉलिशवाल्याला बोलावलं तर म्हणाला सगळं खरवडून काढा, नवीन पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारा, आणि ते आत्ताच करा. त्याचा आकडा ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तर एका खोलीचं नवीन फर्निचर येते. महालक्ष्म्यांना घर भरलेलं असते, तोवर निदान बघण्यासारखं व्हावं एवढीच इच्छा आहे. आत्या म्हणते खोबरेल तेल लाव, शेजारच्या काकू म्हणतात काच पुसायचा निळा फवारा मार. घरी काय करता येईल आणि काय मुळीच करू नये?

तर्री_पोहे

महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत टेबल कोण पाहते बाप्पा? लोकं पुरणपोळी पाहतात.

माधुरी_प्र

आत्या बरोबर सांगतात. आमच्या माहालच्या वाड्यात दिवाळीला सगळ्या लाकडाला तेलाचा हात फिरायचा. दरवाजे, खांब, पाळणा, सगळं. शंभर वर्षांचं लाकूड अजून उभं आहे. लाकूड तेल पिते, उन्हाळ्यात तडकत नाही. हे फवारे-बिवारे काल आले.

सुतारपक्षी

माधुरीताई, वाड्याचे खांब आणि लॅकरचं टेबल यात फरक आहे. खांबावर काही चढवलेलंच नसते, तिथे तेल लाकडात मुरते. लॅकर म्हणजे लाकडावरचं बंद पांघरूण. रेनकोटावर तेल चोळून अंगाची मालीश होत नाही. तेल वरच राहते, आधी चमकते, मग धूळ धरते. खोबरेल तर काही महिन्यांनी खवट होते आणि चिकट थर बसतो. शुभदाताईंच्या सोफ्याला जे झालं ते अर्धं तेलानेच झालं असेल, फक्त ते डोक्याचं आणि हाताचं तेल.

आमचं घर पॉलिशच्याच धंद्यातलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, आधी वर नेमकं काय आहे ते ठरवा. त्या काळात घरी बसून केलेलं काम असेल तर बहुतेक एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, नाहीतर हाताने ओढलेलं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. नंतर मेलामाईन आलं, आता पीयूचा जमाना आहे. चारींची तब्येत वेगळी. टेबलाच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, कापसाच्या काडीने जरासं स्पिरिट टेकवा. अर्धा मिनिट थांबा. चिकट झालं आणि काडीवर तांबूस रंग आला तर चपडा. काही झालं नाही तर शेजारी थिनरचा एक थेंब. मऊ पडून काडीला ओढलं तर एनसी. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाईन किंवा पीयू, मग तुमची निम्मी काळजी मिटली. काडी वापरून झाली की पाण्यात बुडवून फेका, आणि हे करताना जवळ दिवा-उदबत्ती नको.

सोफ्याचे हात: काळं झालं ते लाकूड नाही, मळ आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. जुन्या धोतराचं मऊ फडकं बुडवून कचकचून पिळा, इतकं की हाताला फक्त गार लागलं पाहिजे, पाणी दिसायला नको. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा. फडकं काळं झालं की बाजू बदला, काळा मळ परत चोळू नका. मग साध्या पाण्याने पिळलेलं फडकं, मग लगेच कोरडं. तरी चिकट राहिलं तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते मिनरल टर्पेंटाइन फडक्याला लावून एकदा फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. जुनं तेल, मेण, फवाऱ्याच्या पॉलिशचे थर त्याने सुटतात आणि वाळलेल्या लॅकरला ते धक्का लावत नाही.

एवढं करूनही नखाने पॉलिशची पापडी निघत असेल तर घामाने लॅकरच मऊ पडलं. मग तेवढे दोन हात पॉलिशवाल्याला द्या. तेवढेच. सगळं खरवडायला कारण नाही.

खटपट्या

पॉलिशवाला असून खरवडू नका म्हणून सांगून राहिला. तुमच्या घरी चूल पेटते ना भाऊ?

सुतारपक्षी

पेटते. जे लोक आधी खरवडतात त्यांचंच काम पुढे जाऊन दुरुस्त करतो.

निवृत्त_मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवायचो. सुतारपक्षींचं म्हणणं बरोबर आहे, त्यात पांढऱ्या डागांचं थोडं जोडतो.

पांढरं वर्तुळ म्हणजे लॅकरच्या थरात अडकलेली ओल. गरम भांड्याने थर मऊ होतो, खालची वाफ आत शिरते आणि अतिसूक्ष्म पोकळ्यांमुळे प्रकाश विखुरला जाऊन ते पांढरं दिसते. लाकडाला अजून काही झालेलं नसते. काळं वर्तुळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाणी थर ओलांडून लाकडापर्यंत गेलं आणि लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली. कुंडीखालचा लोखंडी स्टँड, तव्याचं बूड, असं काहीतरी. काळा डाग वरून कितीही घासून जात नाही. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाने उतरवावा लागतो आणि ते जाणकाराचं काम आहे, ते आम्ल विषारी असते.

पांढऱ्यासाठी सौम्य उष्णता. आधी केस वाळवायचं यंत्र कमीत कमी तापमानावर, हात हलता ठेवून. लॅकरवर हात ठेवला तर सोसवेल इतकंच तापू द्यायचं. नाहीच गेलं तर जाड सुती कापडाची चौपदरी घडी, वर कमी तापवलेली इस्त्री, वाफ पूर्ण बंद. काही सेकंद टेकवायची, उचलून पाहायचं. ताजा डाग बऱ्याचदा जातो. वर्षानुवर्षांचा फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

कुलरच्या बाजूचं मात्र आधी तपासा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. कुलरमधून तुषार उडतात, पाणी वाळते, क्षार उरतात. ओलं बोट फिरवा. ओलं असताना पांढरेपणा गायब आणि वाळल्यावर परत, तर वरवरचे क्षार. ओलं असतानाही दुधाळच दिसलं तर ओल थराच्या आत आहे. क्षार असतील तर कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, पिळलेलं फडकं, लगेच साधं पाणी, लगेच कोरडं. घासत बसायचं नाही.

शुभदा_खामला

मास्तर, बोअरचंच पाणी आहे. ओलं बोट फिरवलं, खालच्या अर्ध्या भागातलं पांढरं गायब झालं, वरच्या भागातलं नाही. म्हणजे दोन्ही आहे का?

निवृत्त_मास्तर

दोन्ही असू शकते. खालचं पुसून काढा. वरचं कुलरच्या थेट दमट हवेचं. कुलरचं तोंड वळवा किंवा शोकेस हलवा, नाहीतर पुढच्या वैशाखात परत तेच.

धंतोली_डायरी

निळ्या फवाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. काच पुसायच्या बऱ्याच द्रावणांत अमोनिया किंवा अल्कोहोल असते. चपडा आणि एनसी दोघांनाही ते चालत नाही. २०२० साली आमच्या सोसायटीत एका सज्जनांनी रोज बाहेरून आले की सागवानी दाराच्या कडीपाशी सॅनिटायझर मारायचं व्रत घेतलं होतं. कडीभोवती ताटाएवढा पांढराफटक डाग. सत्तर टक्क्यांच्या वर अल्कोहोल, चपड्याचं पॉलिश विरघळतेच त्यात. करोना गेला, डाग अजून आहे. येणारा प्रत्येक माणूस विचारतो.

कोथरूडमार्गे_नागपूर

पुण्यात हा प्रश्नच येत नाही. पाहुणा बसला तर सोफा खराब होणार ना.

तर्री_पोहे

आणि नागपुरात पाहुणा उठतच नाही. लॅकर पाहुण्याच्या पँटीला लागून घरी जाते.

अभय_मनीषनगर

मी उलट बाजूने लिहितो. आम्ही दोन वर्षांपूर्वी जुनं सगळं खरवडून पीयू मारलं, मॅट. गरम चहाचा कप ठेवा, पाणी सांडू द्या, काही होत नाही. कामवाली बाई ओल्या फडक्याने पुसते, मी बघतही नाही. जुनं जपत बसण्यापेक्षा एकदा खर्च करून मोकळं व्हावं. घर म्युझियम थोडीच आहे?

सुतारपक्षी

अभयभाऊ, तुमचं काम चांगलं झालं असेल, पीयू टणकच असते. पण एक बाजू लोकांना सांगत नाहीत. एनसी आणि चपडा यांवर नवीन हात मारला की तो खालच्या जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. उद्या ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते, जोड दिसत नाही. पीयूचं तसं नाही. एकदा पक्कं झालं की नवीन थर वर नुसता बसतो. खोल ओरखडा पडला तर अख्खा पल्ला घासावा लागतो. लहान मुलं, रोज वापरायचं टेबल, स्वयंपाकघराला लागून असेल तर पीयू घ्या, मी नाही म्हणत नाही. बंगई आणि शोकेस कशाला खरवडता?

आणि आत्ता तर नाहीच. पावसाळ्यात लॅकर मारायचं नसते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्याच्यावर जमते आणि नवीन पॉलिश पहिल्याच दिवशी दुधाळ. काही मिस्त्री रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रावण टाकून चालवून नेतात, पण निवांत काम हवं असेल तर दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत उलटा त्रास, फवारा लाकडावर पोचायच्या आत वाळते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पॉलिशवाला श्रावणात घाई करून राहिला तर त्याला विचारा, काहून?

अभय_मनीषनगर

हा पावसाळ्याचा मुद्दा पटला. आमचं डिसेंबरात झालं होतं, म्हणून बरं निघालं असेल.

निशिगंधा_७

प्लास्टिकच्या टेबलक्लॉथचं सांगा कोणीतरी. सासूबाईंनी टेबल खराब होऊ नये म्हणून पारदर्शक जाड प्लास्टिक टाकलं आहे, ते आता जागोजागी चिकटलं आहे.

निवृत्त_मास्तर

जपण्यासाठी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते हळूहळू बाहेर येते आणि लॅकरमध्ये शिरते. लॅकर मऊ पडते, प्लास्टिक चिकटते, उचलायला गेलं की छाप उमटते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे फार लवकर होते. टीव्हीच्या आणि मिक्सरच्या रबरी पायांचंही तेच, खाली सुती किंवा नमद्याचे तुकडे चिकटवा. टेबलावर जाड सुती कापड, गरम भांड्याखाली बांबूची किंवा लाकडी चकती.

निशिगंधाताई, आता ओढू नका. कोपऱ्यातून थोडं उचलून बघा. जिथे अडते तिथे ओढून काढलं तर लॅकर सोबत येईल. गार हवेच्या दिवशी, सकाळी, हळूहळू. उन्हात मऊ झालेलं असताना तर मुळीच नाही.

निशिगंधा_७

सासूबाईंना हे कसं सांगू ते पण सांगा मास्तर.

निवृत्त_मास्तर

तो विषय अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

संत्राबर्फी

आपल्या गावात राहून संत्र्याचा उपाय कोणी सांगत नाही म्हणजे कमाल! आमच्याकडे संत्र्याच्या साली वाळवून-ओल्या कशाही लाकडावर चोळतात. वास काय सुंदर येते आणि चमकही येते. बाहेर ऑरेंज ऑइल म्हणून बाटलीत महाग विकून राहिले तेच हे.

निवृत्त_मास्तर

घरात फुगा असेल तर फुगवा आणि त्याच्याजवळ संत्र्याची साल पिळा. फट्कन फुटतो. सालीतल्या तेलात लिमोनिन असते, ते रबराला विरघळवते. मेण-तेलाचा मळ काढायला तो गुण कामाचा आहे, पण साल थेट चोळली तर तेल किती लागलं याचा हिशोब राहत नाही, शिवाय सालीचा रस आम्ल आणि चिकट. साल जिथे तशीच पडून राहते तिथे डाग उरतो. संत्री खा, साली कुंडीत टाका.

संत्राबर्फी

मास्तर, तुम्ही नागपूरचे नाही वाटत. फुगा मात्र खरंच फुटला, पोरगं आता दुसरा मागून राहिलं.

लाखमोलाची

चपड्याचं निघालं म्हणून. माझं माहेर गोंदियाकडचं. तिकडे पळसावर लाख घेतात. किडे फांदीवर बसतात, भोवती कवच करतात, तेच खरवडून, धुऊन, गाळून चपडा होतो. आजोबांकडे चपड्याचे पत्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे आणि सकाळी कापसाची पोटली बांधून तेच टेबलावर गोल-गोल फिरवायचे. एक हात, वाळू द्यायचं, परत. पोटली ओल्या पॉलिशला अडकू नये म्हणून तिच्यावर तेलाचा एकच थेंब. माधुरीताई, तेल एवढंच.

माधुरी_प्र

एक थेंब का होईना, आलंच ना तेल.

सिव्हिल_लाइन्सवाला

जरा बाजूचा प्रश्न. पणजोबा रंगूनला नोकरीला होते, त्यांनी आणलेला एक लाखेचा डबा आहे. काळा, आतून लाल, बाहेर बारीक कोरीव नक्षी. बांबूचा असावा, फार हलका आहे. त्याला हे साबण-पाणी चालते का? झाकणाच्या कडेला बारीक चिरा दिसून राहिल्या.

निवृत्त_मास्तर

तो वेगळाच प्रकार आहे, त्याला हात जपून लावा. ब्रह्मदेशातलं, चीन-जपानमधलं लॅकर किड्याचं नाही, झाडाच्या चिकाचं. ती झाडं आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली. बिब्बा उतला की अंगावर जे फोड येतात, तसाच त्रास तो ओला चीक कारागिरांना देतो. पूर्ण वाळल्यावर सहसा त्रास नाही.

मौज अशी की हा चीक पक्का व्हायला दमट हवा लागते, आणि पुढेही फार कोरडी हवा त्याला मानवत नाही. आतला बांबू आकसतो, वरचा थर आकसत नाही, चिरा पडतात. आपला एप्रिल-मे त्याला काळ. कडक उन्हापासून दूर, कपाटात, मऊ कापडात. पुसायचं तर कोरड्या मऊ कापडाने, फार तर किंचित दमट, लगेच कोरडं. साबण, टर्पेंटाइन, मेण, तेल काही नाही. चिरेत फडक्याचा धागा अडकणार नाही एवढं पाहा, अडकला तर कपचा उडतो.

सिव्हिल_लाइन्सवाला

धन्यवाद मास्तर. शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवला होता, काढून कपाटात टाकतो. म्हणजे शुभदाताईंच्या शोकेसला जो कुलर बाधला तो माझ्या डब्याला बरा?

निवृत्त_मास्तर

त्याच खोलीत, तुषारांपासून दूर, हो.

हिरल_गांधीबाग

बंगईचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे गुजरातेतल्या संखेड्याचा हिंडोळा आहे, खरादीवर उतरवलेले सागाचे खांब, मरून आणि सोनेरी नक्षीकाम, त्यावर लाख. मम्मी त्याला पाणी लावूच देत नाही. नक्षीच्या खाचांत धूळ बसते ती रंगकामाच्या मऊ, नव्या, कोरड्या ब्रशने काढते, मग मलमल. खरी भीती पितळी कड्यांची आहे. कड्या चमकवायचं जे पॉलिश मिळते ते हाताने लावताना थेंब लाकडावर पडतो आणि तिथे लाख उडते. मम्मी कड्या उतरवून अंगणात नेऊन घासते. उतरत नसतील तर खाली लाकडाला जुन्या चादरीची जाड घडी गुंडाळून ठेवायची. आणि बिजागरीत तेल घातलं की जादाचं लगेच पुसायचं, नाहीतर ते साखळीवरून ओघळून पाटीवर काळं करते.

शुभदा_खामला

हिरल, आमच्या पाटीवर साखळीखाली नेमके तसेच काळे ओघळ आहेत! मी ते घासून घासून थकले होते.

सुतारपक्षी

ओघळ तेलाचे असतील तर टर्पेंटाइनच्या फडक्याने सुटतील. पाण्या-साबणाने फक्त पसरतात.

रिंगरोड_राही

तुम्ही सगळे पुसायचंच सांगून राहिले. आमच्या घरी सकाळी पुसलं की दुपारी टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. इकडून सिमेंट रोडची धूळ, तिकडून कोराडीच्या वीज केंद्राची राख. रोज ओलं फडकं मारायचं का?

सुतारपक्षी

रोज ओलं नको, पण कोरड्या फडक्याने रगडूही नका. ती धूळ म्हणजे बारीक वाळू आहे. कोरडी रगडली की लॅकरवर केसाएवढे ओरखडे पडतात, एकेक दिसत नाही, वर्षभरात सगळी चमक मारतात. "पॉलिश उतरलं" म्हणून लोक आणतात त्यातलं कितीतरी असं घासलेलं असते. मायक्रोफायबर किंवा जुनी धुतलेली सुती बनियन हलकी दमट करून, न दाबता, धूळ उचलायची. मग कोरडं फडकं. फडकं झटकायचं ते बाहेर, आणि फरशीचं फडकं फर्निचरला नाही म्हणजे नाही. फिनाईलचा हात लागलेलं फडकं मी लोकांच्या टेबलावर ओळखतो.

सिलिकॉनचे चमकीचे फवारेही टाळा. ते आज दिसतात चांगले, पण पुढे कधी नवीन लॅकर मारायची वेळ आली की त्या जागी पॉलिश धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी छिद्रं पडतात. पॉलिशवाल्यांची झोप त्यानेच उडते.

खटपट्या

मग चमक आणायची कशाने? तेल नको, फवारा नको, संत्रं नको. नुसतं बघून का?

सुतारपक्षी

मेणाने. घरीही होते. मधमाशीचं मेण एक भाग, मिनरल टर्पेंटाइन साधारण तीन ते चार भाग. मेण किसून एका डब्यात, डबा गरम पाण्याच्या भांड्यात, मेण वितळलं की गॅस बंद, डबा खाली उतरवून गॅसपासून लांब नेऊन, मग टर्पेंटाइन ओतायचं आणि गार होईस्तोवर ढवळायचं. लोण्यासारखं घट्ट झालं पाहिजे. फडक्यावर बोटभर घ्या, इतकं पातळ लावा की लावल्यासारखं वाटूच नये. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने ओढा. वर्षातून एक-दोन वेळा पुरे. जास्त लावलं की तेच तुमच्या आत्याच्या तेलाचं होते.

घरी करायचा कंटाळा असेल तर डबाबंद मेणाचं पॉलिश घ्या, फक्त "सिलिकॉन नाही" असं लिहिलेलं बघून.

झाडीपट्टी

जवसाचं तेल? आमच्याकडे ते घरात असतेच.

सुतारपक्षी

लॅकरवर नाही. उघड्या लाकडाला चालते, कच्चं असेल तर वाळायला फार वेळ घेते. पण एक ध्यानात ठेवा, जवस तेल लावलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना ते तापते, बंद जागेत आपोआप पेटू शकते. फडकं पाण्यात भिजवा किंवा मोकळं पसरून वाळत घाला. आपल्या मे महिन्यात तर विषाची परीक्षा नको.

शुभदा_खामला

काय झालं ते सांगते, खूप जणांनी वेळ दिला म्हणून.

स्पिरिटने काही झालं नाही, थिनरच्या थेंबाने मऊ पडलं. म्हणजे एनसी. सोफ्याच्या एका हातापासून सुरुवात केली. पहिलं फडकं पिळलं तर बादलीतलं पाणी चहासारखं झालं. आई शेजारी उभी होती, म्हणाली बस कर, रंग निघून राहिला. तो रंग नव्हता. दुसऱ्या हाताशी ताडून पाहिलं तर खालून बाबा सांगतात तो मधाळ सागवानी रंग निघाला, रेषा दिसायला लागल्या. डावा हात मात्र पुढच्या टोकाला, जिथे बाबांचा तळवा असतो, तिथे नखाने पापडी निघते. तेवढा दिवाळीनंतर करून घेऊ.

टेबलावरचं एक वर्तुळ इस्त्रीने गेलं, दोन फिके झाले, एक जसंच्या तसं. शोकेसच्या खालचे क्षार गेले, वरचा दुधाळपणा आहेच. बंगईच्या पाटीवरचे ओघळ टर्पेंटाइनने निघाले, मेण अजून लावायचं आहे. मेणाच्या वेळी गॅस बंद करायचं आईला आधीच सांगून ठेवलं.

जे वर्तुळ जात नाही त्याचं काय करू?

लाखमोलाची

आजोबा गोवरीची राख मलमलीतून दोनदा चाळायचे, तेलाच्या थेंबात कालवून बोटाने हळूच फिरवायचे. पांढरी टूथपेस्ट पण चालते म्हणतात.

निवृत्त_मास्तर

दोन्ही म्हणजे अतिसूक्ष्म घासणंच आहे. राखेत खडा राहिला तर टेबलाचं वाटोळं. टूथपेस्ट पांढरीच, जेलची किंवा दाणेदार नको. फार दाबू नका.

सुतारपक्षी

मास्तरांशी सहमत. आणि हे करताना फक्त पांढऱ्या भागावर, कडेने पसरू देऊ नका. चमक थोडी मरेल, मेणाने सावरेल. डाग फिका झाला की थांबा. "अजून थोडं" करत गेलं की लॅकर संपते आणि खालचं लाकूड वर येते, मग मलाच बोलवावं लागते. महालक्ष्म्यांसाठी त्या जागेवर केळीचं पान ठेवा.

तर्री_पोहे

मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणून राहिलो. पानावर पुरणपोळी.

बरं, आता माझा खरा प्रश्न. तान्हा पोळा आला, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. पोराचा लाकडी बैल माळ्यावरून काढला तर धुळीने राखाडी झाला, एका शिंगाचा रंग उडाला. त्याला हे लॅकरचं लागू आहे का?

सुतारपक्षी

बाजारातले बैल बहुतेक ऑइल पेंटचे असतात. दमट फडक्याने पुसा, कोरडा करा, शिंगाला त्याच रंगाचा छोटा डबा आणून एक हात द्या. वाळायला दोन दिवस धरा. चाकाच्या खिळ्याला गंज असेल तर आधी तो काढा, नाहीतर मिरवणुकीत बैल बसतो.

खटपट्या

बोजारा (पोळ्याच्या ओवाळणीचे पैसे) मागायला आला की बैल नाही, तर्रीच बसते.

तर्री_पोहे

अबे, बोजारा पोराला मिळते, मी फक्त सोबत असतो. कोणत्या रंगाचा डबा घेऊ, पांढरा की सोनेरी?

हिरल_गांधीबाग

शिंगं सोनेरी. डबा घ्यायच्या आधी ढवळून मागा, तळाशी बसलेला सोनेरी पुठ्ठ्यासारखा दिसतो.